दहानंतरची रिमी

हेलिकॉप्टरच्या इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेच्या अलीकडे दोन बारीक रेघांवर थांबला होता. दोन रेघा म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढी जागा. रिमी गाव खाली दिसत होतं, दुपारचं ऊन चढलं होतं. जुनं इंजिन असतं तर काटा एव्हाना रेघेला टेकला असता.

नवं इंजिन खाली सुर्खेत शहरातल्या आमच्या शेडमध्ये बसवून महिना झाला होता. बसवणारी मी, उडवणारे कप्तान बोहरा. त्यांचा स्वतःचा एक नियम होता: सकाळी दहानंतर रिमी नाही. उंचावरची हवा आधीच विरळ, उन्हानं आणखी विरळ होते. पंख्याला जास्त जोर लागतो आणि इंजिनाला कमी देता येतो. एका दुपारी वजन कमी करायला त्यांना अडलेल्या बाईच्या आईला रिमीतच उतरवावं लागलं, तरी हेलिकॉप्टर बांधापलीकडच्या दरीत खचलं आणि बऱ्याच खाली जाऊन सावरलं. मुलगी सुर्खेतला एकटी बाळंत झाली. आई चालत पोचली तेव्हा बारसं उरकलं होतं. त्या दिवसापासून हा नियम. दहानंतर बोलावणं आलं तर रिमीच्या बायका दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघायच्या. सगळ्याच काही सकाळ बघायच्या नाहीत.

नियम उठवा म्हटलं की कप्तान म्हणायचे, "बघू."

"महिना झाला, दाज्यू." थोरल्या भावाला म्हणतात तसं मी त्यांना म्हणायचे.

"मला तर काही फरक जाणवत नाही, बहिनी."

"सुर्खेतात जाणवणारच नाही. गिअरबॉक्स जुनाच आहे, त्याला झेपेल तेवढाच जोर घ्यायचा. नवं इंजिन तोच जोर वर, उन्हातही टिकवून धरतं."

"म्हणजे मी जिथं नेत नाही, तिथंच ते चांगलं?"

"हो."

"शाब्बास. इंजिनं विकायचं दुकान टाक तू."

त्या दिवशी आम्ही निघालो ते असं: अकरा वाजून गेल्यावर रिमीच्या आरोग्य चौकीतून पुष्पा नर्सचा आवाज रेडिओवर आला. जौकला नावाची बाई, बाळ आडवं. "सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही, कप्तानदाज्यू. तुमचा नियम मला पाठ आहे. तरी सांगतेय."

कप्तानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. शेडच्या दारात जाऊन त्यांनी ऊन बघितलं. मग मला म्हणाले, "चल. काटा तू बघायचास. आणि जड झालं तर आधी तुला उतरवणार."

"नेहमी मीच उतरते."

रिमीत कापणी झालेल्या जवाच्या शेतात आम्ही दोन रेघा राखून टेकलो. जौकलाला चौघांनी झोळीतून आणून आत निजवलं. तिची सासू, धौली, कमरेला गुंडाळलेल्या पटक्यावर हात घट्ट दाबून उभी होती.

"आमा, तूप आहे का त्यात?" कप्तानांनी विचारलं. गेल्या खेपेला पेशंटच्या पांघरुणाखाली तुपाचा डबा निघाला होता.

"तूप नाही."

"मग?"

"अक्रोड. थोडेच. तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, बाबा?"

मी कुणी न सांगताच उतरले आणि म्हातारीला धरून बाजूला झाले. सून पहिल्यांदाच गावाबाहेर चालली होती, तीही एकटी. म्हातारीची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

हेलिकॉप्टर माणसाच्या उंचीइतकं उचललं गेलं आणि हवेत थांबलं. तिथून मला काटा दिसत नव्हता. दिसत होते ते कप्तान, मान झुकवून बघणारे. जितका वेळ बघायला हवा त्याहून ते जास्त वेळ बघत होते. मग हेलिकॉप्टर पुन्हा खाली टेकलं आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. दोन बोटं.

"काय म्हणतायत?" म्हातारी ओरडली.

"दोघींना बोलावतायत."

"मलापण?"

"अक्रोडासकट!" आतून कप्तान ओरडले.

म्हातारीचा पाय पायरीवर ठरेना. पुष्पानं मागून ढकलून तिला आत बसवलं. मी काट्यासमोर बसले. आम्ही उचललो. काटा सरकला, सरकला, आणि थांबला.

"एक रेघ शिल्लक," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

बांध आला. मी श्वास धरला. पण या वेळी खचणं नव्हतं. बांध खाली गेला, दरी खाली गेली, आणि आम्ही चढत होतो, भर दुपारी, पाच माणसं, एक अजून जन्मायचं होतं ते धरून. कप्तान हसले. त्यांना हसताना मी फक्त जमिनीवर पाहिलं होतं.

सुर्खेतला ॲम्ब्युलन्स तयार होती. सासू सुनेचा हात न सोडता तिच्यात चढली. आम्ही शेडच्या सावलीत बसून अक्रोड फोडत राहिलो. चार वाजता इस्पितळातून फोन आला. म्हातारी इतकी मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं: मुलगी झाली, जौकला शुद्धीवर आहे, आणि नात माझ्याच हातात दिली आधी, माझ्या!

कप्तान उठले, रेडिओपाशी गेले. पुष्पा तिकडे वाटच बघत होती.

"मुलगी," ते म्हणाले. "दोघी ठीक."

तिकडून गलका आला. तो विरेपर्यंत ते थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बटण दाबलं.

"पुष्पा बहिनी, गावाला सांग. दहाचा नियम उठला. उजेड असेपर्यंत कधीही बोलवा, आम्ही येऊ."