फळीमागची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, वॉर्डातल्या शेवटच्या खाटेजवळ माझी जागा. सुताराने मला सागवानी चौकटीत बसवलं, तेव्हा माझी कडी जरा सैलच राहिली. दाखवायला माझ्याजवळ फार काही नव्हतं. बाहेर पाण्याची टाकी आणि एक वाकडं अंजीर. पण माझं तोंड पश्चिमेला. दिवस कलला की ऊन आत यायचं, भिंतीवर अंजिराची पानं हलायची आणि कण्हणारी माणसं जरा शांत व्हायची. "ही खाट गुणाची आहे," असं नर्स म्हणायच्या. माझी छाती फुगायची.

पुढे नवे व्यवस्थापक आले. हिरवळ दिसली की रोग्याला बरं वाटतं, असं त्यांनी ऐकलं होतं. ऐकलं ते खोटं नव्हतं. पण त्यांनी केलं काय, तर माझ्यावरच फळी ठोकली आणि तिच्यावर जंगलाचं भलंमोठं चित्र लावलं. चित्राच्या आत दिवे. त्या जंगलात सदा भर दुपार.

मला आतलं दिसेनासं झालं. ऐकू मात्र येत होतं.

त्या खाटेवर एक म्हातारे गवंडी आले. छातीचा आजार. त्यांची मुलगी शिवणकारखान्यात कामाला, ती संध्याकाळी सुटली की थेट इकडे यायची.

"अगं, भर दुपारी कशी आलीस? कामावरून काढलं की काय?"

"नाही हो बाबा, सुट्टी झाली. संध्याकाळ झालीय."

"मला शिकवतेस? उन्हात जन्म गेला माझा! बघ की खिडकीबाहेर कसं तापलंय. तुझा मुकादम टपूनच बसलाय. जा आधी!"

बोलताना त्यांना धाप लागायची. मग ती बिचारी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची आणि त्यांचा डोळा लागला की हळूच परत यायची. रोज हेच.

तिने व्यवस्थापकांना विनवलं, "साहेब, एवढी फळी काढा हो. बाबांना संध्याकाळ दिसू द्या."

"बाई, फळीमागे आहे काय? टाकी! उद्या पाहुणे हे जंगल बघायला येणार आहेत. ते होऊन जाऊ द्या, मग बघू."

त्या संध्याकाळी म्हाताऱ्या गवंड्यांचा श्वास घरघरत होता. तरी ते म्हणाले, "जा गं, नोकरी जाईल." ती बाहेर गेली. परत आली, तेव्हा खाटेवरची घरघर थांबली होती.

"सुट्टी झाली होती हो बाबा," एवढंच ती म्हणाली.

त्या वेळी माझ्या काचांवर मावळतीचं तांबडं ऊन पडलेलं होतं. मध्ये फक्त एक फळी होती.

पाहुणे आले, जंगलाचं कौतुक करून गेले. फळी तशीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्याची खाट खिडकीकडे वळवा. बाहेर टाकी असली तरी चालेल. त्याला दिवस मावळताना दिसू द्या, म्हणजे आपलं माणूस घरी यायची वेळ झाली, हे त्याला कळेल.