खांद्यावर हात

ती कामाला जायची त्या वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत, पण घरी ती धाकटीच होती. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थोरल्या बहिणीची हाक यायची ती "धाकटे" अशीच. आणि घरात हाक मारायला दुसरं उरलं होतं कोण? ताई आणि ती, दोघीच दोन खोल्यांत राहायच्या. खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर यांचं बिऱ्हाड.

तिसरी होती ती मनी, ताईची एकुलती एक लेक. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण लहानपणी मांजरीसारखी ज्याच्या त्याच्या मांडीवर जाऊन बसायची, म्हणून मनी. ताई शिवणाच्या कारखान्यात जायची, त्यामुळे मनीला न्हाऊमाखू घालण्यापासून ते दामटून शाळेत पाठवण्यापर्यंत सगळं धाकटीनं केलं. हे जुन्या देशातलं. मग तिथे आपसातच लढाई जुंपली, शहराचं पाणी तोडलं, आणि एके सकाळी मनी दोन कॅन घेऊन पाण्याच्या रांगेत उभी राहिली. त्या रांगेवर सरकारी विमानांनी बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री टीव्हीवर आला आणि ताठ मानेनं म्हणाला, की रांगेत शत्रू लपले होते. मनीचं आयुष्यात वैर होतं ते फक्त भूमितीशी.

बहिणी देश सोडून इथे आल्या. धाकटीला वृद्धाश्रमात काम मिळालं, यथावकाश नागरिकत्व मिळालं. ताई खिडकीशी बसून लोकांचे कपडे आखूड करायची, सैल करायची. ती विजेच्या बिलावर बोलायची, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोलायची, स्वतःच्या पित्तावर तर तासन्‌तास बोलायची. मनीचं नाव मात्र तिनं तेव्हापासून एकदाही उच्चारलं नव्हतं. धाकटीनं कधी विषय काढलाच, तर ताई उठून नळ सोडायची आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची.

मंत्री या शहरात येतोय, ही बातमी वकीलबाईंनी आणली. आता तो माजी मंत्री होता आणि कुठल्याशा महाविद्यालयात त्याचं भाषण होतं. विषय होता शांतता. काही लोकांना लाज नावाची गोष्ट जन्मतःच मिळत नाही, आणि अशांना व्यासपीठं मात्र हवी तेवढी मिळतात.

अशा मोकाट सुटलेल्या मोठ्या गुन्हेगारांना धरू पाहणारा वकीलबाईंचा एक छोटासा गट होता. स्वतः वकीलबाई, गणिताचे एक निवृत्त मास्तर, लांबू नावाचा फोटोग्राफर, आणि तोंडी लावायला धाकटी. इथल्या कायद्यात एक जुनं कलम आहे. गुन्हा फार मोठा असेल आणि पोलीस हलत नसतील, तर कुणीही नागरिक गुन्हेगाराला अटक करू शकतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, कशासाठी धरतोय ते स्पष्ट सांगायचं, आणि तडक जवळच्या पोलिसाच्या हवाली करायचं. गटानं याआधी एका सेनापतीला विमानतळावर गाठलं होतं, पण हात पोचायच्या आत तो गाडीत बसून पसार झाला. त्या वेळी लांबूला काय तो गाडीच्या मागच्या दिव्यांचा फोटो मिळाला.

या वेळी मात्र त्यांनी कंबर कसली. एका लाँड्रीच्या वर रिकामी खोली होती, तिथे तालीम चालायची. खालून वाफ यायची, सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटायचे. मंत्री व्हायचे मास्तर. ते छाती काढून, हनुवटी वर करून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, आणि धाकटीनं मागून जाऊन हात ठेवायचा. हात तिचाच असावा, हे वकीलबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. घरचं माणूस तिचं गेलं होतं, आणि मंत्र्याची भाषाही तिचीच होती.

वकीलबाई कानीकपाळी ओरडून एकच सांगायच्या, की जोर लावायचा नाही. "नुसता हात ठेवायचा. तुमचं बोट जरी रुतलं ना, तरी आत जाल ते तुम्ही." मग त्यांनी सगळ्या शक्यतांची तयारी करून घेतली. मंत्री हात झटकेल, ढकलेल, पळेल, अंगरक्षक मध्ये पडतील, शिव्या देतील. मास्तर मनापासून ढकलायचे, शिव्यांच्या वेळी मात्र त्यांचं घोडं अडायचं. जन्मभरात त्यांच्या तोंडून बाहेर पडलेली सगळ्यात जहाल शिवी म्हणजे नालायक. ती ते इतक्या अवघडून द्यायचे, की धाकटीला हसू यायचं आणि वकीलबाई कपाळाला हात लावायच्या.

भिंतीवर त्यांनी मंत्र्याचे फोटो लावले होते. रुंद खांदे, काळेभोर केस, माईकवर रोखलेलं बोट. तालमीच्या आधी धाकटी त्या फोटोंसमोर थोडा वेळ उभी राहायची. वृद्धाश्रमात दिवसभर ती सगळ्यांची मावशी असायची, कुणी अंगावर थुंकलं तरी हसून पुसून टाकायची. फोटोसमोर तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, आणि तिला ते बरं वाटायचं.

भाषणाच्या दिवशी ती बुटाच्या नाड्या बांधत होती, तेव्हा ताई शिवण बाजूला ठेवून दाराशी आली. ताईला सगळं ठाऊक होतं, पण आजवर ती मूग गिळून बसली होती.

"अटक होईल, न होईल," ताई म्हणाली. "तू तिचं नाव त्याच्या कानावर घाल. पूर्ण नाव. आमची मनी रांगेत होती म्हणावं. त्याला कळू दे रांगेत कोण होतं ते. बाकी मला काही नको."

इतक्या वर्षांनी ताईच्या तोंडून मनी हा शब्द ऐकून धाकटीचे हात नाडीवरच थांबले. मग तिनं घट्ट गाठ मारली आणि ती म्हणाली, "घालते, ताई. शब्द देते तुला."

महाविद्यालयाच्या मागच्या दाराला दगडी पायऱ्या होत्या. पुढच्या दाराशी घोषणा देणारे जमले होते, म्हणून मंत्र्याला मागून बाहेर काढतील, हा वकीलबाईंचा अंदाज अचूक निघाला. दुपार कलली होती. धाकटी सफाई कामगारांसोबत भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मास्तर फाटकाशी उभ्या असलेल्या पोलीसबाईंपाशी जाऊन थांबले होते. हवाली करायला पोलीस हाताशी हवा ना.

दार उघडलं आणि एक म्हातारा बाहेर आला.

धाकटी त्याच्या मागून मंत्री येईल म्हणून दाराकडे पाहत राहिली. अंगरक्षकानं म्हाताऱ्याच्या हातात काठी दिली आणि स्वतः गाडी बोलवायला चार पावलं पुढे गेला. मग वकीलबाईंनी रस्त्यापलीकडून हात हलवला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाच तो. मान पुढे कललेली, कोट खांद्यांवरून ओघळणारा, कानशिलावर म्हातारपणाचे डाग. इतकी तालीम केली, पण तो म्हातारा झाला असेल हे चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्यांनी त्याचा इतका मन लावून द्वेष केला होता, की त्याचं वय वाढूच दिलं नव्हतं. आणि जिचा जन्म म्हाताऱ्यांचे लंगोट बदलण्यात चालला होता, तिला तरी हे सुचायला हवं होतं की नाही?

ती पायऱ्या चढली. हात त्याच्या खांद्यावर ठेवला. कोटाखाली नुसतं हाड होतं, तिच्या रोजच्या ओळखीचं. ठरलेलं पहिलं वाक्य तिनं सुरू केलं, "या देशाची नागरिक म्हणून मी," आणि तो आवाजाच्या दिशेला वळला. वळताना त्याची काठी पायरीच्या कडेवरून सुटली आणि त्याचा तोल गेला.

तो खाली कोसळलाच असता. दगडी पायऱ्या होत्या, डोकंच फुटलं असतं. पण धाकटीचा डावा हात केव्हाच त्याच्या काखेखाली गेला होता, उजवा पाठीमागून कमरेला, आणि गुडघा त्याच्या मांडीखाली. असं धरून माणसाला हळूहळू खाली बसवायचं असतं. वृद्धाश्रमात हे तिनं इतक्यांदा केलं होतं, की आता त्यासाठी विचार करावा लागत नसे. तिनं त्याला अलगद पायरीवर टेकवलं, त्याची पाठ स्वतःच्या छातीशी घेतली आणि सवयीनं त्याचं कपाळ पुसलं.

म्हातारा थरथरत होता. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि मान मागे करून तिच्याकडे पाहिलं.

"नर्स आहेस का गं?" त्यानं तिच्या भाषेत विचारलं. ताई सोडली तर या शहरात तिच्याशी कुणी त्या भाषेत बोलत नसे.

"हो," ती म्हणाली.

"सोडू नकोस," तो म्हणाला.

त्याचा कान तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. ताईनं सांगितलेलं नाव उच्चारायला एक श्वास पुरला असता. तिनं तोंडही उघडलं. पण नाव बाहेर आलं नाही, आणि हात, ते मेले हात, त्याच्या पाठीवरून फिरतच राहिले. मग अंगरक्षक धावत आला, ड्रायव्हर आला, दोघांनी म्हाताऱ्याला उचलून गाडीत घातलं आणि गाडी निघून गेली.

पोलीसबाईंनी येऊन तिची पाठ थोपटली. तुम्ही होतात म्हणून निभावलं, असं काहीतरी म्हणाल्या. वकीलबाई रस्ता ओलांडून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की कायद्यानं हात तर पडला होता, पुढचं बोलायचं तेवढं राहिलं. मास्तरांनी तिला जवळच्या दुकानात नेऊन चहा पाजला आणि समोर बसून काचेबाहेर पाहत राहिले. "माझ्या हातून पडला असता," ते म्हणाले. त्यांना याबद्दल वाईट वाटत होतं की बरं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी पसरला तो फोटो लांबूचा नव्हता. त्यानं कॅमेरा खाली घेतला होता, पण महाविद्यालयातल्या कुणीतरी तो क्षण टिपला आणि धाकटी घरी पोचायच्या आत फोटो गावभर झाला. पायरीवर बसलेला म्हातारा, त्याला छातीशी धरून बसलेली बाई, तिचा हात त्याच्या कपाळावर. खाली लोकांनी माणुसकी, देवमाणूस असलं काहीबाही लिहिलं होतं. जुन्या शहरातल्या लोकांनी जे लिहिलं होतं, ते मात्र निराळं होतं. त्यांनी तिला फितूर म्हटलं होतं. बसमध्ये ते वाचून तिनं फोन पिशवीत टाकला.

जिना चढताना तिनं मनाशी ठरवलं, की सांगितलं नाव, असं ताईला सांगायचं. फोटोत आवाज कुठे असतो? पण ताई टेबलाशी बसली होती, फोन तिच्यासमोर होता, आणि तिच्याकडे पाहिल्यावर धाकटीला खोटं बोलवेना.

"नाही सांगितलं, ताई," ती दारातच म्हणाली. "तोंडाशी आलं होतं. नाही निघालं. शब्द देऊन तोंडघशी पाडलं मी तुला."

 ताईनं नळ सोडला नाही, ती भांड्यांकडे वळली नाही. धाकटी तिच्या रागाची वाट पाहत उभी राहिली. हाकलून दे म्हणावं, मार म्हणावं, इतका तिला स्वतःचा संताप आला होता. पण ताई खुर्ची सरकवून उठली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"कसं धरलंस त्याला?" तिनं विचारलं. "मला दाखव."

"ताई, नको ना."

"दाखव म्हणते ना."

धाकटी पुढे झाली. तिनं डावा हात ताईच्या काखेखाली घातला, उजवा पाठीमागून कमरेला, गुडघा मांडीखाली, आणि ताईनं अंग सोडून दिलं. ताई वजनाला काहीच उरली नव्हती. धाकटीनं तिला हळूहळू फरशीवर बसवलं, तिची पाठ छातीशी घेतली आणि कपाळावर हात ठेवला. ताई तशीच पडून राहिली. तिचे डोळे उघडे होते आणि ती छताकडे पाहत होती.

"धाकटे," ती म्हणाली, "आपल्या मनीला त्या दिवशी असं कुणी धरलं असेल का गं?"

 त्या रांगेत कुणाला धरायला कुणी उरलंच नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. ताई आता रडू लागली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि धाकटी तिला धरून फरशीवर बसून राहिली.