मास्तरांचा ओके

त्या शिवणकामाच्या दुकानात इंग्रजी शब्द एकच चालायचा, ओके. पण मास्तर त्या एकावर अख्खा संसार रेटत. फोनवर घाईघाईने दोनदा म्हणाले, की समोरच्याने फोन ठेवावा. बायकोने गळका नळ दाखवल्यावर लांबवून म्हणाले, की नळ आणखी महिनाभर गळणार. आणि शिवलेल्या शर्टाला ओके दिला, की तो इस्त्रीला जाई.

या शेवटच्या ओकेने थोरल्या सुनेचा जीव जाळला होता. चौदा वर्षं ती सासऱ्यांच्या हाताखाली कॉलरी शिवत होती. तिचा शर्ट आला, की मास्तर मान वर न करता "ओके" म्हणत आणि हातातल्या कापडावर खडू ओढत राहत. आणि धाकटी, जिला येऊन दोन महिने झाले नव्हते? तिची कॉलर ते उजेडात नेत, उलटी करत, दोन्ही टोकं जुळवून बघत आणि हसत म्हणत, "ओके! जमतंय की गं तुला."

"एका कॉलरीला दहा मिनिटं!" थोरली नवऱ्यावर फणफणली. "माझ्याकडे बघतात तरी का?"

"तुझं काम बघावं लागत नाही," नवरा बटण लावता लावता म्हणाला.

तिला ते मुळीच पटलं नाही. धाकटीचं हसणंही तिच्या डोळ्यांत खुपू लागलं होतं. गुरुवारी तिने एका कॉलरीचं टोक मुद्दाम लांब ठेवलं. रागावतील, पण बघतील तरी!

"ओके," मास्तर म्हणाले. मान खालीच.

आत्ताच सांगावं, असं तिला वाटलं. पण धाकटी समोर बसली होती. शर्ट इस्त्रीला गेला.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने तो टेबलावर आपटला. "हे कुणाचं काम?"

मास्तरांनी कॉलरीची टोकं जुळवली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवण कुणाची, हे न कळायला ते काय कालचे शिंपी होते?

"चूक माझी," ते म्हणाले. "ओके मी दिला होता. संध्याकाळपर्यंत दुसरी कॉलर लावून देतो."

"बाबा, मी..." थोरली पुढे झाली. त्यांनी नुसता हात वर केला आणि उसवायला बसले.

दुसऱ्या दिवशी तिने नवा शर्ट पुढे ठेवला. मास्तर उठले. कॉलर उजेडात नेली, उलटी केली, दोन्ही टोकं जुळवली. धाकटीच्या कॉलरीला लागायचा त्याहून जास्त वेळ लागला.

"ओके," ते म्हणाले. थोरलीला रडू आवरेना.