मैनाचा पाईप आणि हिरवी वायर

मैनाने आयुष्यातला पहिला वायसर बदलला तो निव्वळ नाइलाजाने. मोरीतला नळ पंधरा दिवस गळत होता, प्लंबर रोज फोनवर "उद्या नक्की" म्हणत होता, आणि नवरा विनोद ट्रॉलरचं इंजिन सांभाळत समुद्रात होता. तो आता तीन आठवड्यांनी मांडवीला घरी येणार, तोवर नळाखालच्या बादलीला काही विश्रांती नव्हती. शेवटी मैनाने मोबाइलवर एक व्हिडिओ दोनदा बघितला, विनोदचा पाना काढला, टाकीचा कॉक बंद केला आणि नळाचं डोकं फिरवलं. आतून निघाला काळा, चिरलेला, नखाएवढा रबराचा तुकडा. एवढ्याशा वस्तूने पंधरा दिवस घर वेठीला धरलं होतं!

नवा वायसर बसला. कॉक उघडला. नळ बंद केला. दोघी सासू-सुना नळाच्या तोंडाकडे टक लावून बसल्या. थेंब जमला नाही, पडला नाही, काहीच झालं नाही.

"थांबला!" मैना ओरडली. "आई, थांबला!"

"अगो, शेजारचे धावत येतील," आनंदीबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

त्या दिवसापासून मैनाच्या हाताला जे शिवशिवणं लागलं ते काही थांबेना. फ्लशच्या टाकीतला फुगा बदलला. मिक्सरच्या भांड्याचं रबर बदललं. खाऱ्या वाऱ्याने गंजलेली मोरीच्या दाराची कडी काढून नवी स्टीलची बसवली. भाजीच्या पिशवीत पाना, पक्कड, टेस्टर आणि टेफ्लॉनची टेप घेऊन ती घरभर फिरायची आणि कुठे काही करकरलं की कान टवकारायची. चाळिशीला टेकलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी पायऱ्या दोन दोन चढायची. वायरमन केरू एकदा स्कूटरवरून जाताना थांबून म्हणाला, "काय वैनी, काही काम?" तर हिने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "केरूदादा, या घरात आता बाहेरच्या माणसाला काम उरलं नाय!" केरू बिचारा हसला आणि गेला.

तिचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे पाईप. टाकीपासून मोरीपर्यंत आलेला जुना लोखंडी पाईप समुद्राच्या हवेने खाऊन पापडासारखा झाला होता. मैनाने तो एका सकाळी कापून काढला आणि त्याच्या जागी पांढरा प्लॅस्टिकचा घातला. मापं घेतली, टोकं घासली, चिकटवायचं सोल्युशन लावलं, प्रत्येक जोड दोन्ही हातांनी दाबून धरून तीसपर्यंत आकडे मोजले. जुन्या पाईपला भिंतीजवळ एक पट्टी आवळलेली होती आणि त्या पट्टीत एक हिरवी वायर होती. ती वायर लोंबकळत ठेवणं मैनाच्या जिवाला बरं वाटेना. तिने पट्टी साफ केली आणि वायरीसकट नव्या पाईपवर घट्ट आवळून टाकली. मग पाणी सोडलं. एकही जोड पाझरला नाही. मैना परसात अक्षरशः नाचली, माडाला टाळी दिली, आणि पाईपचे चार कोनांतून फोटो काढून विनोदला पाठवले. समुद्रात रेंज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

याच सुमारास आनंदीबाईंच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आनंदीबाई पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन मासळी घ्यायच्या, थोडी दारोदार विकायच्या आणि उरलेली परसातल्या पडवीत ठेवलेल्या मोठ्या डीप फ्रीझरमध्ये भरायच्या. "वात झालाय," त्या म्हणायच्या. मैनाही संध्याकाळी त्यांच्या बोटांना लसणीचं तेल चोळायची आणि चोळता चोळता गच्चीवरची गळती कशी काढणार आहे ते रंगवून सांगायची. सासूबाई ऐकून घ्यायच्या.

आठवड्याने, गुरुवारी, आनंदीबाई जेटीवर गेलेल्या असताना मैनाने पडवी धुतली. रबरी चपला चिखलाने भरल्या होत्या, त्या धुऊन उन्हात टाकल्या. आणि ओल्या लादीवरून अनवाणीच जाऊन तिने फ्रीझरच्या झाकणाला हात लावला.

बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिने हात मागे ओढला. मग सगळं एकदम कळलं. आपल्या पायात नेहमी रबरी चपला. आनंदीबाई मात्र मासळीशी असल्या की कायम अनवाणी, हात कायम ओले, आणि दिवसातून वीसदा ह्याच झाकणाला हात! कसला वात नि कसलं काय. आपण त्या बोटांना तेल चोळत होतो!

चपला घालून तिने टेस्टर फ्रीझरच्या पत्र्याला लावला. आतला बारकासा दिवा पेटला. पलीकडे वॉशिंग मशीन होतं. त्याच्या पत्र्याला लावला, तिथेही पेटला. घरातल्या फ्रिजलाही पेटला. मैनाच्या हातात लगेच स्क्रू ड्रायव्हर आला. नळ जमला, फ्लश जमला, एवढा पाईप जमला, मग हे का नाही जमणार? बोर्ड उघडायचा, आत बघायचं, व्हिडिओ तर आहेच. तिने बोर्डाच्या पहिल्या स्क्रूवर टोक टेकवलंसुद्धा. विनोद यायच्या आत हेही आपल्याच हातून झालं तर! नुसत्या कल्पनेने तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण हात फिरेना. पाण्यात चूक झाली की ती डोळ्यांना दिसते. टपटपतं, ओल येते, आपण पुन्हा पाना फिरवतो. इथे आठ दिवस चूक घरात हिंडत होती आणि सासूच्या बोटांवाचून कुणालाच दिसली नव्हती. बिघाड एका फ्रीझरचा म्हणावा तर तीन वस्तूंना दिवा कसा पेटला? याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. उत्तर नसताना बोर्ड उघडायला तिची छाती होईना, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आनंदीबाईंचा आवाज आला. डोक्यावर टोपली, हात ओले, पाय अनवाणी, आणि रोजच्याप्रमाणे मागच्या दारानेच त्या फ्रीझरकडे निघालेल्या.

मैना चपला फटफटवत धावली. आधी मीटरखालचा मेन स्विच खाली खेचला, मग परत पळत जाऊन पडवीच्या दारात आडवी उभी राहिली.

"आई, फ्रीझरला हात लावू नका! तिथंच थांबा!"

"अगो, आतली सुरमई? बांगडा?"

"मरूदे तो बांगडा!" मैना ओरडली आणि तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ठेवली.

मग तिने केरूला फोन लावला. "केरूदादा, घरात काम निघालंय. माझ्या आवाक्यातलं नाय. लगेच याल?" हे वाक्य तोंडातून काढताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. तोवर तिने शेजाऱ्याच्या रिक्षातून बर्फाच्या दोन लाद्या आणवल्या, फोडल्या आणि मासळी बर्फात दाबली.

केरू आला, हातमोजे घालून बोर्ड बघून आला, फ्रीझर बघून आला आणि परसात जाऊन नव्या पाईपपुढे उकिडवा बसला. एकेका जोडावरून त्याने बोट फिरवलं.

"वैनी, जोड झकास आहेत," तो म्हणाला. "माझ्या घरचा प्लंबर असे देत नाय. पण ही पट्टी कुणी आवळली?"

"मीच. वायर लोंबकळत होती."

"ही तुमच्या घराची अर्थिंग. फ्रीझर जुना, त्यातनं थोडा करंट पत्र्यात उतरतो. तो या हिरव्या वायरीतनं लोखंडी पाईपात आणि पाईपातनं जमिनीत जायचा. तुमचा पाईप प्लॅस्टिकचा. त्यातनं जाणार कुठं? मग फिरला सगळ्या घरात." मैनाचा चेहरा पडलेला बघून त्याने मान खाजवली. "आणि खरं सांगू? पाईपला वायर बांधणं हीच मुळात चूक. वीस वर्षांमागं ती मीच केली होती. तेव्हा मीही शिकतच होतो."

मैनाला हसावं की रडावं कळेना. "आता काय करायचं?"

"नीट अर्थिंग. त्याला खड्डा लागतो, आणि हा जांभा दगड फोडायचा म्हणजे मला उद्या माणूस आणावा लागेल."

"माणूस कशाला? पहार हाय घरात!"

आणि मैनाने पदर खोचला. तिने जांभा फोडला, लाल मातीने माखली, घामाने निथळली, तरी पहार खाली ठेवेना. केरूने लांब लोखंडी नळी उभी केली. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ भरायचं होतं. कोळसा केरूने आणला होता आणि मीठ आनंदीबाईंनी मासळी खारवायच्या गोणीतलं, सुपं भरभरून ओतलं. खड्ड्यापासून बोर्डापर्यंतची वायर मात्र केरूने ओढली. फ्रीझरचीही दुरुस्ती त्यानेच केली आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही बसवला. मैना चार हात लांब उभी राहून बघत होती, पण तिचा हात एकदाही पुढे गेला नाही. शेवटी केरूने मेन स्विच वर केला आणि टेस्टर तिच्या हातात दिला. फ्रीझर, मशीन, फ्रिज. दिवा कुठेच पेटला नाही.

"नाय पेटला!" मैना त्याच पहिल्या दिवसाच्या आवाजात ओरडली.

केरू गेल्यावर ती सासूबाईंपाशी ओट्यावर बसली. "आई, मुंग्या नेमक्या कधीपासून येत होत्या?"

"तुझा पाईप झाला त्या दिसापासनं."

"तुमाला ठावं होतं?"

"तां लायटीचां हाय असां कुठं कळतंय मला? पण त्याच दिसापासनं, एवढां कळत होतां."

"मग बोललात का नाय?"

आनंदीबाईंनी मिठाने पांढरे झालेले हात पदराला पुसले. "तू परसात नाचत होतीस गो. लग्न होऊन आलीस त्याला पंधरा वर्षां झाली, एवढी खूश मी तुला कधी बघितली नव्हती. म्हटलां, मुंग्याच तर हायेत. सोसू."

मैनाला भडभडून आलं. त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून ती हमसून हमसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आजपासनं माझ्या हातनं काय बिघडलं तर आधी मला सांगायचं. मी नाचत असले तरी."

"नाचत असलीस तरी?"

"तरी!"

"मग आताच सांगतंय," आनंदीबाई म्हणाल्या. " मोरीच्या दाराची कडी तू उलटी बसवलीयस. मी आतनं लावते न् ती आपली आपण खाली पडते. दहा-बारा दिस मी एका हातानं दार धरून आंघोळ करतंय."

मैना हसत सुटली. हसता हसताच उठली आणि भाजीच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोरीकडे धावली.