चाळीस यार्ड आणि वीस शतांश

१९८६ ते २०२१ या काळात ओहायोतल्या हॅलोरन गावची मुले सरासरीने दर वर्षी किंचित अधिक वेगाने धावत गेली. अपवाद एकाच वर्षाचा, २०११ चा.

मित्रांनो, हे सारे वेग माझ्यावरच मोजले गेले. मी एक जुने स्टॉपवॉच आहे. काळी पाठ, दोन पिवळी बटणे आणि गळ्यात अडकवायची, आता घामाने कडक झालेली दोरी, एवढाच माझा संसार. माझ्या पोटात एक स्फटिक आहे. तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. बटण दाबलेले असो वा नसो, त्याला थांबणे ठाऊक नाही. स्वस्थ बसणे माझ्या घडणीतच नाही.

मी कारखान्यातून बाहेर पडले त्या वर्षी हॅलोरनची पोलाद गिरणी बंद झाली होती. तरीही चर्चमधल्या बायकांनी बटाट्याचे सारण भरलेल्या पिरोग्या विकून मला शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघासाठी विकत घेतले. मला कोच आंद्रेई ह्रुस्का यांच्या गळ्यात घालण्यात आले. कोच तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते.

काम सोपे होते. दर ऑगस्टमध्ये मुलांनी चाळीस यार्ड धावायचे. आमच्याकडे सुटण्यासाठी पिस्तूल उडवत नाहीत. मुलगा हात टेकून वाकतो आणि आपल्या मनाने सुटतो. त्याचा हात हलला की घड्याळ चालू करायचे, त्याने रेषा ओलांडली की बंद. या चार-साडेचार सेकंदांवर मुलांची आयुष्ये तोलली जात. मोठ्या कॉलेजांची माणसे कोचना आकडा विचारीत. आकडा चांगला असेल तर मुलाचे शिक्षण फुकट होई.

"ह्रुस्काचं घड्याळ खोटं बोलत नाही," असे गावात म्हणत. ते ऐकताना मला बरे वाटे. मात्र एक गोष्ट मी तेव्हाही जाणून होते. अंगठा केव्हा पडला, एवढेच मला कळते. मुलगा केव्हा सुटला, ते मला कधीच कळलेले नाही.

पुढे शाळेने लाल रंगाचे नवे घड्याळ आणले आणि माझी रवानगी खणात झाली. ऑगस्ट आला की कोच मला बाहेर काढीत, नवी बॅटरी घालीत, आणि काम झाले की पुन्हा खणात ठेवीत. अकरा महिने अंधारात थरथरत राहणे कसे असते, ते सांगून समजणार नाही.

आता २०२२ च्या वसंताकडे येते. त्या वर्षी आमच्या गावचा आयझाया पेटवे कॉलेज संपवून व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीला उभा होता. दर एप्रिलअखेर देशातले संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. हॅलोरनमधून आजवर कोणी निवडले गेले नव्हते. जानेवारीत तो सुटीवर आला असता कोचनी त्याला माझ्यावर धावायला लावले: चार पूर्णांक एकेचाळीस शतांश सेकंद. मार्चमध्ये इंडियानापोलिसच्या मोठ्या चाचणीत, जिथे सुरुवात हातानेच पण शेवटच्या रेषेवर यंत्राचा किरण लावलेला असतो, तिथे तो धावला: चार पूर्णांक एकसष्ट.

वीस शतांश म्हणजे डोळ्याची एक उघडझाप. पण निवडीच्या आधीचे आठवडे वाईट असतात. खेळ बंद असतो, लोकांना करायला काही नसते आणि आकडे भरपूर असतात. ईस्टरआधीच्या, मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या शुक्रवारी सारे गाव चर्चच्या तळघरात तळलेला मासा खायला जमते. तिथे लेनी पेट्राकिस वही उघडून बसे. लेनी रेल्वेतून निवृत्त झालेला कारकून. त्याच्या वहीत छत्तीस वर्षांतल्या मुलांचे वेग, वजने, पंजांची लांबी आणि मानेचे घेर होते. त्या वसंतात त्याने निवडीच्या अकरा लुटुपुटीच्या याद्या केल्या होत्या. पहिल्या आठ याद्यांत आयझाया तिसऱ्या फेरीत होता. मार्चनंतरच्या तीन याद्यांत तो कुठेच नव्हता.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मी कोचच्या खिशात होते. त्याच दुपारी त्यांना एका संघाच्या माणसाचा फोन आला होता. जानेवारीत एवढा वेगवान असलेला मुलगा मार्चमध्ये मंद कसा झाला? तो काही दुखापत लपवतो आहे काय? तसा संशय राहिला तर संघ त्याचे नाव कटाप करणार होता. सोमवारी उत्तर हवे होते.

कोचनी हे टेबलावर सांगितले. लेनीने मासा तोंडात ठेवूनच पेन्सिल उचलली.

"वजन साडेचार पौंडांनी वाढलंय. पौंडामागे एक शतांश धरा. राहिले साडेपंधरा. ते मांडीत आहेत. पोरगा दुखणं लपवतोय."

आयझायाची आई ओडेसा समोरच बसली होती. ती शाळेची बस चालवते. "माझ्या पोराच्या मांडीत काय आहे ते तुला वहीत दिसतं होय रे, लेनी?"

"वही खोटं बोलत नाही, ओडेसा."

"वही बोलतच नाही. तूच बोलतोस, आणि तेही तोंडात घास असताना."

"लेनीकाका, मांडी ठणठणीत आहे," निवड होईपर्यंत घरी आलेला आयझाया तिच्या शेजारून म्हणाला. "हवी तर लाथ मारून दाखवतो."

तेव्हा कोचनी मला खिशातून काढून ताटाशेजारी ठेवले. "घड्याळच बिघडलं असेल. म्हातारं झालंय. सोमवारी त्या माणसाला तसंच सांगतो आणि हे टाकून देतो."

मित्रांनो, माझा स्फटिक त्या क्षणी अधिक वेगाने थरथरला असे मी म्हणणार नाही. तसे झाले असते तर मी खरोखरच बिघडलेले ठरले असते. पण तीस-पस्तीस वर्षे ज्याच्या गळ्यात काढली, त्याच्या तोंडून हे ऐकणे जड गेले.

माझ्या बाजूने लेनी उभा राहिला, तोही माझ्यासाठी नव्हे. "घड्याळ चुकलं तर माझे छत्तीस वर्षांचे आकडे पाण्यात गेले, कोच. हे बघा, कशी सरळ रेघ आहे. दर वर्षी मुलं सुधारत गेली. गिरणीची धुराडी बंद झाली, फुप्फुसं साफ झाली. मग नवे बूट आले. मग वजनं उचलायची खोली झाली."

ओडेसाने वही आपल्याकडे ओढली. "हे मधलं काय खोडलंयस?"

"दोन हजार अकरा. नापीक वर्ष होतं. सगळीच पोरं मंद निघाली. सरासरी बिघडत होती, म्हणून काढून टाकलं."

"त्या वर्षी माझा डॅरिल धावला होता."

डॅरिल हा आयझायाचा थोरला भाऊ. त्या ऑगस्टमध्ये त्याचा आकडा मंद आला, एकाही कॉलेजने त्याला विचारले नाही आणि तेव्हापासून तो ट्रकचे टायर बदलतो आहे.

"माझी पोरं एकाच जिन्यावरनं पळत मोठी झाली," ओडेसा म्हणाली. "धाकटा कधी थोरल्याच्या पुढे गेला नाही. त्या वर्षी घड्याळ कोणाच्या हातात होतं?"

लेनी पाने उलटू लागला. छत्तीस वर्षांच्या वहीत तेवढा रकाना नव्हता. उत्तर कोचनीच दिले. "मी दवाखान्यात होतो. खुब्याचा सांधा बदलला होता. गणिताच्या त्या तरुण मास्तरानं वेळा घेतल्या होत्या."

"घड्याळ हेच?"

"हेच."

शनिवारी सकाळी सगळे मैदानावर जमले. गवत ओले होते. ओडेसाने डॅरिललाही आणले होते. लेनीने बजावले, "एकाच धावेवर दोन घड्याळं. मग अदलाबदल. नाहीतर काहीच कळायचं नाही." त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत उपयोगी आग्रह असावा.

आयझायाच्या पहिल्या दोन धावांना मी कोचच्या हातात आणि लाल घड्याळ डॅरिलच्या. एकाच धावेचे आकडे निराळे आले. कोचचा आकडा तेरा शतांशांनी कमी. मग आमची अदलाबदल झाली. डॅरिलच्या अंगठ्याच्या भेगांत रबराची काळी भुकटी बसली होती. त्याने मला इतक्या जपून धरले की बटण दाबायला तो बिचकतो की काय, अशी मला धास्ती वाटली. तो बिचकला नाही. पुढच्या दोन धावांत मी जास्त वेळ दाखवला आणि लाल घड्याळाने कमी, पुन्हा बारा-तेरा शतांश. फरक घड्याळाबरोबर राहिला नाही. तो हाताबरोबर गेला.

"कोच, तुमचा अंगठा उशिरा पडतो," डॅरिल हळूच म्हणाला. "फक्त सुरुवातीला. शेवटी बरोबर पडतो."

कोच सुरुवातीच्या रेषेकडे बघत राहिले. "शेवटी पोरगं येताना दिसतं ना," ते म्हणाले. "सुटताना दिसत नाही." मग त्यांनी डॅरिलला विचारले, "किती आला होता रे तुझा, त्या वर्षी?"

"चार-अठ्ठावन्न."

"माझ्या हातात चार-पन्नासच्या आत आला असता. आदल्या वर्षी तेवढ्यावर दोघांना कॉलेजनं उचललं."

"माहीत आहे, कोच," डॅरिल म्हणाला आणि मला त्यांच्या हातात परत दिले.

सोमवारी कोचनी फोन लावला. मी टेबलावर होते. ते म्हणाले, "पोराची मांडी चांगली आहे, घड्याळही चांगलं आहे. जानेवारीचा आकडा माझा आहे, त्याचा नाही. इंडियानापोलिसचा धरा." नंतर त्यांनी लेनीची वही मागवली आणि खोडलेले २०११ साल शाईने पुन्हा लिहिले.

आयझायाची निवड सहाव्या फेरीत झाली. ती त्या फोनमुळे झाली असे मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून कारण ठरवता येत नाही. डॅरिल अजून टायर बदलतो. मात्र ऑगस्टमध्ये मी आता त्याच्या गळ्यात असते. कोच शेजारी खुर्चीवर बसतात आणि लेनी वहीतल्या नव्या रकान्यात मोजणाऱ्याचे नाव आणि वय लिहितो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू जपा, बॅटरी संपली म्हणून फेकू नका. पण आमच्यावर आंधळा विश्वासही टाकू नका. कोणाला मंद म्हणण्याआधी मोजणारा हात बघा. जो आकडा तुमच्या सरळ रेघेत बसत नाही, तो खोडू नका. आमच्या गावात खरे तेवढ्या एकाच आकड्याने सांगितले होते, आणि एका मुलाने त्याची किंमत मोजली.

कारण असे निघाले. हात हललेला पाहून अंगठा पडेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढा वेळ धावण्यातून वजा होतो. एकेचाळिसाव्या वर्षी कोचना तो कमी लागे, सत्त्याहत्तराव्या वर्षी तरुण हातापेक्षा तेरा शतांशांनी जास्त लागला. वीसपैकी उरलेले सात शतांश हाताने मोजणाऱ्या प्रत्येकाच्या अंगठ्याचे; मुलगा येताना दिसतो, म्हणून तो शेवटच्या रेषेवर किरणाच्या जरा आधीच पडतो. हॅलोरनची मुले वेगवान होत नव्हती. कोच म्हातारे होत होते.