भुताच्या बंगल्यातला श्वास

पार्कातल्या भुताच्या बंगल्यातून मुलं हसत बाहेर यायला लागली, तेव्हाच बंगला चालवणाऱ्या बाईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. त्या दिवशी शाळेची सहल होती. एका मुलीने हाडांच्या सापळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला होता आणि मैत्रिणींना तो दाखवत ती म्हणत होती, "किती गोड आहे ना हा."

एकेकाळी भल्याभल्यांची बोबडी वळवणारा सापळा, आणि गोड! बंगला बाईंच्या वडिलांनी उभा केला होता. कागदाच्या लगद्याची एकेक भुतं त्यांनी स्वतःच्या हाताने घडवली होती. ते थकून घरी बसले आणि बंगला लेकीकडे आला. अख्खा पार्क तिला भूतबाई म्हणायचा. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण बाई, रांग कुठे आहे? आजोबा नातवाला घेऊन येतात. आजोबा जुन्या आठवणींनी खूश, आणि नातू जांभया देतोय. येत्या सुट्टीनंतर तिथे डोळ्यांना चष्मे लावून खेळायचे ते खेळ आणावेत म्हणतोय."

"सुट्टी संपेपर्यंत थांबा. त्या नातवाची जांभई मी बंद करून दाखवते. नाही जमलं तर किल्ली स्वतः आणून देईन."

बोलून तर बसली, पण करायचं काय? आधी कर्कश भोंगे लावले, लाल दिवे लावले. पोरं आणखीच खिदळली. शेवटी तिने कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलीला आत पाठवलं. ती बाजारात फिरावं तशी फिरून आली.

"आई, खरं सांगू? कोपऱ्यावर कोण उडी मारणार ते आधीच कळतं."

"मग तुला भीती वाटते तरी कशाची?"

मुलीने आवाज खाली आणला. "दुपारी आजोबा झोपतात ना, तेव्हा मी दारातून बघते. पांघरूण हलतंय की नाही. कधीकधी क्षणभर हलत नाही."

भूतबाईही येता-जाता तेच बघायची. दोघींनी एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने पहिली खोली रिकामी केली. तिथे एक साधी झोपायची खोली मांडली. खाट, पाण्याचा पेला, खुर्चीवर टाकलेला शर्ट. खाटेवर पाठ करून झोपलेलं कुणीतरी, आणि वर-खाली होणारं पांघरूण. लोकांनी खोली ओलांडून पलीकडच्या दाराने जायचं. ते मधोमध पोचले की पांघरूण थांबणार. बस, एवढंच.

हे कानावर गेलं तेव्हा वडील भडकले. "माझी भुतं अडगळीत टाकलीस आणि खाट मांडलीस? लोक काय तिथे झोपायला येणार आहेत?" त्यानंतर त्यांनी अबोला धरला. जेवणाचं ताटही खोलीत मागवू लागले. भूतबाईला घास गोड लागेना, पण ती मागे हटली नाही.

आणि नेमकं पांघरूण हलवणारं यंत्र दगा द्यायला लागलं. सायकलच्या चाकात हवा भरावी तसं पांघरूण फुगायचं आणि धपकन बसायचं. मेकॅनिकने हात टेकले.

मग एका दुपारी आजोबांनी डोळा किलकिला केला, तर नात पायाशी मोबाइल धरून उभी.

"काय चाललंय?"

"तुमचा श्वास हवाय, आजोबा. यंत्राला जमत नाहीये."

"म्हणजे तिथलं भूत मी?"

नात चाचरली. "हो."

म्हातारा बघत राहिला आणि मग खाट हलेपर्यंत हसला. "मग नीट तरी घे. जागेपणी श्वास खोटा येतो. झोपू दे मला, मग काढ."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते स्वतःच पार्कात हजर झाले. मेकॅनिकला शेजारी बसवलं, मोबाइल समोर ठेवला, स्प्रिंगा काढून रबराची पिशवी घातली. लेकीशी बोलले नाहीत, पण पक्कड मात्र तिच्याकडेच मागितली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी कॉलेजच्या पोरांचं टोळकं आलं. मोबाइल उंच धरून, एकमेकांना ढकलत. भूतबाई फळीच्या फटीतून बघत होती. पोरं मधोमध आली. पांघरूण थांबलं.

हसणं हळूहळू विरलं. सगळ्यात उंच पोरगा खाटेकडे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "काका? बरं आहे ना?"

पांघरुणाने एक लांब श्वास घेतला. टोळकं एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर पळालं. बाहेर आल्यावर त्या उंच पोराने मोबाइल कानाला लावला. "आजी काय करतेय? नाही, काही नाही. सहजच."

सुट्टी संपेपर्यंत रांग फाटकाच्याही पलीकडे गेली. आजोबा आणि नातू एकमेकांचे हात घट्ट धरून बाहेर पडत होते. कोण कुणाला धीर देतंय ते कळत नव्हतं. मॅनेजरने चष्म्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

"याचीही सवय होईल पोरांना," वडील म्हणाले. बंगल्याच्या पायरीवर दोघं चहा घेत बसले होते.

"होऊ दे. तेव्हा त्या वेळच्या पोरांना विचारू, कशाला घाबरता म्हणून."

"आणि दुसऱ्या खोलीचं काय?"

"तुम्ही कशाला घाबरता ते आधी सांगा," भूतबाई म्हणाली.

वडिलांनी कप खाली ठेवला आणि ते विचार करू लागले.