बिनकामाची हजेरी

महादेवप्पा खटला जिंकून कामावर परत आले, पण त्यांना काम द्यायचं नाही हे कंपनीत आधीच ठरलं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो टॉवेलचा कारखाना. बऱ्याच वर्षांपूर्वी पाळीचे तास वाढवण्यावरून तिथं संप झाला. संप मोडला आणि त्यात पुढं असलेल्या विणकरांना कामावरून काढलं. बाकीच्यांनी तडजोड करून दुसरीकडं काम धरलं. कुंभारीचे महादेवप्पा तेवढे कामगार न्यायालयात गेले. तिथं जिंकले, तर कंपनी वरच्या कोर्टात गेली. शेवटी तिथलाही निकाल लागला: बडतर्फी बेकायदा, सेवेत खंड न धरता कामावर घ्या. तोवर महादेवप्पांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांचा माग भंगारात गेला होता.

सिद्धेश्वरी तेव्हा कारखान्याच्या एचआर विभागात नवीनच लागली होती. मूळची मंद्रूपची, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मालकांचे चिरंजीव इंद्रजीत कारभार बघायचे. त्यांनी तिला बोलावून शांतपणे समजावून सांगितलं. कोर्टानं घ्या म्हटलंय, तर घ्यायचं. पगार वेळच्या वेळी द्यायचा. पण जुन्या शेडमध्ये खुर्ची टाकून नुसतं बसवायचं. झोपले, उठून हिंडले, कुणाशी बोलत बसले, तर मेमो द्यायचा. कंटाळून स्वतःच राजीनामा देतील.

“यात आपण कायद्याबाहेर काही करत नाही,” ते म्हणाले.

सिद्धेश्वरीला ते पटलं नाही. पण तिनं शिपायाला शेडमध्ये खुर्ची टाकायला सांगितलं.

जुनी शेड तिच्या केबिनच्या भिंतीपलीकडंच होती. आतले सगळे माग उचलून नेले होते. फरशीत त्यांचे गंजलेले बोल्ट तेवढे राहिले होते, आणि वर पत्र्याखाली पारवे. पहिल्या दिवशी महादेवप्पा आत आले, खाली बघत बघत बोल्टांच्या रांगेतून चालले, एका ठिकाणी थांबले आणि खुर्ची तिथं ओढून घेतली. इथंच त्यांचा माग होता. मग गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले ते पाळी संपेपर्यंत.

दिवसातून अधूनमधून जाऊन बघणं हे सिद्धेश्वरीचं काम. मेमो द्यायला त्यांनी कधी जागाच ठेवली नाही. ना डोळा लागला, ना पाय मोकळे करायला उठले. काही आठवड्यांनी मात्र तिला दिसलं, की त्यांची बोटं हलतायत. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारावी तशी. एक गाठ झाली की दुसरी. समोर धागा नव्हता. ती दारातूनच मागं फिरली आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळा सुरू झाला. एका दुपारी लाईट गेली. नव्या विभागातले माग एकदम थांबले आणि जनरेटर लागेपर्यंत सगळा कारखाना गप्प झाला. तेव्हा सिद्धेश्वरीला भिंतीपलीकडून माग ऐकू आला. नव्या मागांना आडवा धागा वाहून नेणारा लाकडी धोटा नसतो. हा आवाज धोट्याचा होता, इकडून तिकडं फेकला जाणारा, लाकडावर आपटणारा. तिनं भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती.

ती उठून शेडकडं गेली. दारापर्यंत आवाज होता. दार ढकललं आणि थांबला. आत महादेवप्पा खुर्चीवर तसेच बसलेले, घामानं भिजलेले.

“मामा, इथं काही चालू होतं का?” तिनं विचारलं.

त्यांनी चमकून वर बघितलं. “तुमालाबी ऐकू आलं व्हय?”

ती हो म्हणाली. त्यांना बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण ते घाबरले. इतके दिवस हे आपल्याच डोक्यात आहे अशी त्यांची समजूत होती. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं, मधूनच कानडीत शिरत. आधी फक्त त्यांचा माग वाजायचा. मग शेजारचा वाजायला लागला, मग त्यापलीकडचा. आता अख्खी रांग सुरू होते. त्या मागांवरचे किती तरी विणकर वारलेत. प्रत्येकाच्या मागाची चाल वेगळी असायची आणि ती त्यांना अजून ओळखू येते. घरी, जेवताना, अंथरुणावर, सगळीकडं ते आवाज मागं येतात. बायको गुरम्मा म्हणते, नोकरी सोडा. पण सोडली तर इतकी वर्षं कशासाठी भांडलो?

“हाताला काम असतं तर कान तिकडं गेलं नसतं की,” ते म्हणाले. “कुणाला सांगू नका. याडा ठरवून काढत्याल.”

तिनं शब्द पाळला. पण त्या दिवसापासून लाईट जाण्याची तिला भीती वाटू लागली. पुढं पुढं लाईट असतानाही, नव्या मागांच्या घरघरीखाली, तो दुसरा आवाज तिला वेगळा काढता यायला लागला. डबा ती केबिनमध्ये खाईना. भिंतीला टेकलेलं कपाट तिनं मधे ओढून घेतलं, कारण त्याच्या काचा वाजत होत्या. शिपाई म्हणाला, मला तर काही वाजलेलं ऐकू येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी महादेवप्पा झोप येत नाही म्हणून कंपनीच्या डॉक्टरांकडं गेले आणि खरं ते बोलून बसले. ते इंद्रजीतच्या कानावर गेलं. त्याच सुमाराला युनियनचे जुने सेक्रेटरी चनबसप्पा यांनी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडं तक्रार केली होती, की माणसाला बिनकामाचं बसवून ठेवणं हा छळ आहे. अधिकारी कारखान्यात आले. एका टेबलाला इंद्रजीत आणि सिद्धेश्वरी, समोर चनबसप्पा आणि महादेवप्पा.

इंद्रजीतनी अगदी सहानुभूतीनं मांडलं. या माणसाला रिकाम्या शेडमध्ये मशिनी ऐकू येतात. अशाला मागावर उभं करणं धोक्याचं आहे. प्रकृतीच्या कारणावरून सन्मानानं निवृत्त करू.

अधिकाऱ्यांनी महादेवप्पांना विचारलं, हे खरं आहे का? चनबसप्पा त्यांच्याकडं बघत मान हलवून नको म्हणत होते. पण महादेवप्पांना खोटं बोलता आलं नाही.

“येतोय आवाज,” ते म्हणाले आणि खाली बघू लागले.

तेव्हा कुणी न विचारता सिद्धेश्वरी बोलली. “आवाज मलाही येतो.”

इंद्रजीतनी तिच्याकडं वळून बघितलं.

“उन्हाळ्यापासून येतो,” ती म्हणाली. “त्यावरून कुणाला घरी बसवायचं असेल तर मलाही बसवा. माझ्यापुढं दिवसभर काम असतं, म्हणून मी निभावते. त्यांना आपण तेवढंही ठेवलेलं नाही.”

अधिकाऱ्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, शेड बघू. सगळे जाऊन आत उभे राहिले. कसलाही आवाज नव्हता. वर पारवे फडफडत होते. अधिकाऱ्यांनी खुर्ची बघितली, तिच्या पायांनी फरशीवर पडलेले चरे बघितले. याला कामावर घेणं म्हणत नाहीत, ते म्हणाले; हे प्रकरण अनुचित कामगार प्रथा म्हणून पुन्हा कोर्टात गेलं, तर तिथं ही शेड दाखवणं पुरेसं होईल. इंद्रजीतना ते समजलं. आठवड्याभरात समझोता झाला. महादेवप्पांना नव्या मागांचं प्रशिक्षण मिळालं. सुरुवातीला त्यांना जमेना, तरण्या मुलांपेक्षा ते मागं पडायचे, पण दसऱ्यापर्यंत मागावर एकटे उभे राहू लागले. रात्री झोप लागते आता, असं त्यांनी तिला जाता जाता सांगितलं.

सिद्धेश्वरीकडून कामगारांचं सगळं काम काढून घेतलं. कॅन्टीन आणि गणवेश एवढंच तिच्याकडं राहिलं. चनबसप्पांना तिनं विचारलं, मला कुठं दाद मागता येईल? त्यांनी वाईट वाटून सांगितलं, की व्यवस्थापनातली माणसं कायद्याच्या व्याख्येत कामगार नसतात; महादेवप्पा ज्या दारातून आत गेले, ते तिला उघडं नाही. तिला नोकरीत कायम केलं नाही. दिवाळीनंतर बार्शीच्या एका डाळमिलमध्ये तिला काम मिळालं.

शेवटच्या दिवशी ती निरोप घ्यायला नव्या विभागात गेली. माग इतक्या जोरात चालले होते की स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. महादेवप्पांनी तिला बघितलं, हात न थांबवता जवळ बोलावलं आणि तिच्याकडं वाकून काहीतरी सांगितलं. मोठं वाक्य होतं. चेहरा गंभीर होता. तिला एक शब्दही कळला नाही. तिनं पुन्हा सांगा म्हणून खूण केली, तेवढ्यात धागा तुटला आणि ते तिकडं वळले. त्यांची बोटं खऱ्या धाग्याला गाठ मारताना बघून ती बाहेर पडली.